मडमची आवडती खोली

"कडी बाहेरून?" सुताराने दुसऱ्यांदा विचारले.

"बाहेरूनच." मुलाने आवाज खाली आणला. "बाबांना ही खोली फार आवडते. इथेच बसून असतात."

ते अर्धेच खरे होते. काल भर दुपारी बाबा चौकात, वाहनांच्या मधोमध, अनवाणी सापडले होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून मुलाने चपला कपाटावर लपवल्या होत्या. ते चपलांवाचून गेले. आज तळपायाला पट्टी होती. उद्या मुलाची रजा संपत होती आणि घरात तिसरे माणूस नव्हते.

बाबा आत खिडकीशी बसले होते. गोऱ्या साहेबाचा हा जुना बंगला त्यांनी चाळीस वर्षे पाहुण्यांना हिंडून दाखवला होता. त्या नोकरीतच वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्या राहायला मिळाल्या. मुलाचे नाव आताशा त्यांच्या ओठांवर येत नसे, पण बंगला तोंडपाठ होता. अनोळखी आवाज कानी पडताच त्यांनी घसा खाकरला.

"या मंडळी, या! भिंती दोन हात जाड, चुन्यातल्या. छत इतकं उंच, की उन्हाळा वरच्या वर लटकून राहतो. आणि ही मडमची आवडती खोली बरं का. इतका जीव, की अकरा वर्षं बाईंनी उंबरा ओलांडला नाही. गेल्या त्यासुद्धा इथूनच."

"आणि साहेब?" सुताराने हसत विचारले.

"साहेब रोज फिरायला जायचे."

"मिस्त्री, हात चालवा जरा," मुलगा म्हणाला.

सुताराने खूण केली, गिरमिट टेकवले आणि तो दचकला. जुने सागवान, आणि टोक लोण्यात बोट बुडावे तसे आत गेले. त्याने पटाशीने रंग खरवडला. हिरव्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली तपकिरी. त्याच्याही खाली लांबी भरून बुजवलेली चार भोके. चौकटीवर, नेमकी त्याच रेषेत, आणखी दोन. दार ओढून त्याने आतली बाजू चाचपली. ती कोरी होती.

"दादा, इथे आधीही कडी होती," तो हलकेच म्हणाला. "बाहेरूनच."

मुलगा त्या भोकांकडे पाहत राहिला. मडमची गोष्ट त्याने लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली होती. शाळेतल्या मित्रांना रंगवून सांगितलीही होती. ती पहिल्यांदा कोणी सांगितली असेल, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. आज उत्तर त्याच्याच आवाजात कानात घुमत होते.

"मग? लावू ना?" सुताराने विचारले. "भोकं तर तयारच आहेत."

"नको. परत घेऊन जा ती कडी. रजेचं बघतो मी."

त्याने कपाटावरच्या चपला काढल्या, धूळ झटकली आणि बाबांच्या पायाशी बसून पट्टीला धक्का न लावता त्या पायांत सरकवल्या.

"चला, आपण दोघं फिरून येऊ."

बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिले.

"का हो पाहुणे," ते म्हणाले, "तुम्हाला नाही वाटतं आवडली ही खोली?"