तोंडपाठ

“हे काय आहे?” थेरपिस्टने चमचा वर धरला.

“हो,” पाळकबाबा म्हणाले.

“चमचा. म्हणा बरं, च...”

“हो. हो.”

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, आणि सगळ्या भाषेतून उरलेला शब्द एकच. चहा हवा? हो. नको? हो. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं काहीच नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या आवाजाने चर्च भरून जायचं, ते आता एका चमच्यापुढे घामाघूम होत होते.

थेरपिस्टला त्यात नवल नव्हतं. गेलेली वाचा परत आणायची हेच तिचं काम. असे कितीतरी पेशंट तिने पाहिले होते. तिची पंचाईत व्हायची ती साडेचारला.

साडेचारला बाबांची मुलगी आत यायची, त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवायची आणि हलकेच म्हणायची, “बाबा, प्रार्थना.”

आणि बाबा प्रभूची प्रार्थना म्हणायचे. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत, एकही अक्षर न अडखळता, त्याच जुन्या भरदार आवाजात. वर डावा हात उचलून आशीर्वादही द्यायचे.

ही बातमी चर्चच्या मंडळीत पसरायला वेळ लागला नाही. रोज चार-पाच जण येऊन दाराशी गुडघे टेकायचे. “सगळं गेलं, पण देवाने प्रार्थना तेवढी ठेवली बघा,” एक बाई पदराने डोळे टिपत म्हणाली.

“आयुष्यभर मनापासून केली ना,” मुलगी म्हणाली. “हाडांत मुरलीये त्यांच्या.”

थेरपिस्टने आपली पिशवी आवरायला घेतली. तिला खरं कारण ठाऊक होतं. पाढे, गाणी, शिव्या, प्रार्थना, जे जे घोकलेलं असतं ते मेंदूत वेगळ्याच कप्प्यात टिकून राहतं. कळ दाबली की बाहेर पडतं. त्यात मन असावंच लागतं असं नाही.

पण तिला आणखी काहीतरी दिसत होतं. प्रार्थना सुरू झाली की बाबांचे डोळे भरून यायचे. मुलीने सूर मिळवला, की ते घाईघाईने ओठांवर बोट ठेवून तिला गप्प करायचे. आपलं तोंड आपल्याला न विचारता चालू लागलंय, हे बघणाऱ्या माणसाचे हाल होत असणार, असं थेरपिस्टला वाटायचं.

शुक्रवारी तिने स्वयंपाकघरात विषय काढला.

“ताई, रागावू नका. ती प्रार्थना बाबा करत नाहीत. त्यांचं तोंड करतं.”

मुलीने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. “म्हणजे?”

“म्हणजे ते आपोआप येतं. हे बऱ्याच पेशंटचं होतं. रविवारी तुम्ही त्यांना चर्चमध्ये नेऊन सगळ्यांपुढे बसवणार, म्हणून बोलले. मला ते बरं वाटत नाही.”

“चाळीस वर्षं मी त्यांना वेदीपुढे उभं राहिलेलं बघितलंय. तुम्ही चार महिने चमचा दाखवताय.” मुलीचा आवाज चिरकला. “तुम्ही कधी प्रार्थना करता?”

थेरपिस्टला आपलं लहानपणचं घर आठवलं. तिची आई जेवणाआधी देवाचे आभार मानता मानताच गॅस बंद केलाय का ते बघायची. ती प्रार्थना होती का? नसेल, तर त्या घरात एवढं निर्धास्त का वाटायचं? घरी जाताना तिचा स्टॉप मागे गेला, तरी तिच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दार उघडताच मुलगी म्हणाली, “तुमचा तो बोटाने अक्षरं दाखवायचा बोर्ड आहे ना? त्यांनाच विचारा. ते म्हणतील तसं.”

बोर्डावर बाबांचा हात आठवडाभरात जेमतेम बसला होता. ‘पाणी’ दाखवायला त्यांना पाच मिनिटं लागायची. थेरपिस्टने बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. ती समोर बसली. मुलगी खुर्चीमागे उभी राहिली.

“बाबा, साडेचारची प्रार्थना तुम्ही ठरवून म्हणता, की आपोआप येते?”

बाबांनी बोर्डाकडे पाहिलं. मग डावं बोट निघालं. आ. पो. आ. प.

आपलं म्हणणं बरोबर निघालं, याचा थेरपिस्टला काडीचा आनंद झाला नाही.

“बाबा, मग उद्या नको ना जायला?” मुलगी कशीबशी म्हणाली. “मी सांगते सगळ्यांना. मला वाटलं होतं, इतकी वर्षं तुम्ही मनापासून...”

बाबांनी तळहात बोर्डावर आपटला. दोघी दचकल्या. बोट पुन्हा अक्षरांवरून फिरू लागलं, चुकू लागलं, मागे येऊ लागलं. थेरपिस्ट एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचत गेली.

“चाळीस... वर्षं...”

“हो बाबा, चाळीस वर्षं,” मुलगी रडत म्हणाली.

बाबांनी मान हलवली. थांब, अजून आहे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“नुसती... म्हटली,” थेरपिस्टने वाचलं आणि ती अडखळली. आपण चुकीचं तर वाचलं नाही? तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी तीच अक्षरं पुन्हा दाखवली, एकेक करून, ठासून. मुलगी खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली.

मग बोट आणखी दोन शब्दांवरून गेलं, आणि थेरपिस्टने ते वाचले.

“आता... ऐकतो.”