ग्रुपचं मराठी

“‘वीज गेल्यास वीज मंडळ ताबडतोब धावून येते.’ मॅडम, हे कुठल्या देशात?” दाभाडे फोरमननी मोठ्यानं वाचलं, तसं अख्खं वर्कशॉप खिदळलं.

स्पेनहून आलेल्या बॅकअप पॅनेलच्या पुस्तिकेचं भाषांतर मी केलं होतं. माझं पहिलंच काम! मूळ स्पॅनिश शब्दाचा शब्दशः अर्थ होता ‘वीज तयार करणारा ग्रुप’. ग्रुपचं मी मंडळ केलं.

“अहो, जनरेटर म्हणतात त्याला! खोडा ते.”

मी मान खाली घालून पेन काढलं आणि डोक्यावरचे पंखे थांबले. वीज गेली होती.

सगळे कोपऱ्यातल्या जनरेटरकडे बघत राहिले. तो हूं की चूं करेना. दाभाडेंनी बटण दाबलं, लाथ घातली, मग घाम पुसत माझ्याकडे वळले.

“राहू द्या मॅडम, खोडू नका. मंडळच आहे हे.”