पंचवीस किलोव्होल्ट

पंधरा किलोव्होल्ट. विजेच्या दाबाने सुईतल्या द्रावणाचे तंतू ओढले जायला हवे होते, पण नुसते थेंब टपकत राहिले.

शर्वाणी प्रयोगशाळेच्या भिंतीला टेकून बघत होती. साबुदाण्याच्या स्टार्चचे केसाहून कितीतरी बारीक नॅनोतंतू काढायचं तिचं दोन वर्षांचं काम सरांनी कालच निनादच्या हवाली केलं होतं. त्या दीडशहाण्याने द्रावण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. गार झालं की ते खळीसारखं आळतं. कोमट असतानाच वापरायचं, हे फक्त तिला ठाऊक होतं.

वीस किलोव्होल्ट. पुन्हा थेंब.

"हिने काहीतरी लपवलंय, सर," निनाद गुरगुरला.

"काय बिघडलंय, सांग," सर तिच्यावर खेकसले.

"पेपरवर पहिलं नाव कोणाचं?"

"निनादचं. आणि तुझ्या पीएचडीवर सही माझी लागते, विसरू नकोस."

"मग राहू द्या सही." तिने ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला.

ती दारापाशी पोहोचली तेव्हा मागून सरांचा आवाज आला, "निनाद, पंचवीस कर."