करारावरचे दोन अंगठे

“घाबरलेल्या माणसाचा घाम वेगळा असतो. या करारावरच्या अंगठ्याच्या ठशात घाम अजून टिकून आहे, तो तपासते,” मेधा यंत्र लावत म्हणाली.

मॉरिशसहून आलेल्या धर्माजींच्या मते पणजोबा राघोला मजुरीच्या या करारावर अंगठा लावायला लावून तिकडच्या ऊसमळ्यावर फसवून नेले होते. चिपळूणच्या सुमतीताई राघोच्या पहिल्या बायकोच्या वंशातल्या. “पणजीला टाकून पळाला तो. तुमचं-आमचं नातं तिथंच संपलं,” त्या म्हणाल्या.

यंत्राचा पडदा उजळला. “भीती नाही. राघो स्वतःहून गेला,” मेधाने सांगितले.

“ऐकलंत?” सुमतीताई धर्माजींना म्हणाल्या.

“थांबा, ताई,” मेधा म्हणाली. “साक्षीदाराचा अंगठा बाईचा आहे आणि तुम्ही दिलेल्या रक्ताच्या नमुन्याशी जुळतोय. ही तुमची पणजीच. रडली होती, पण घाबरलेली नव्हती.”

सुमतीताई धर्माजींकडे वळल्या.

“म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. भाऊ, जेवायला घरी चला. तिकडे अजून मासे खाता ना?”