गाठीखालचा फुटवा

सासूबाईंनी पहिली फोड सरांच्या हातात दिली आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

सर म्हणजे या घरचे जावई. शेतकी कॉलेजात फळझाडं शिकवतात, म्हणून सासूबाईंपासून मेहुण्याच्या मुलीपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणतात. लिंबू गळलं, सरांना फोन. गुलाबाला मावा पडला, सरांना फोन. आज मात्र फोनवर भागणारं काम नव्हतं. परसातल्या आंब्याला सातव्या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं, तेही मोजून पाच. त्यातलं पहिलं पिकलेलं आज ताटलीत कापलं होतं.

बाहेर गाडीत सासूबाईंची बॅग आधीच जाऊन बसली होती. त्या एकट्या राहत, गुडघे गेलेले, महिन्याभरात दोनदा न्हाणीघरात पडल्या होत्या. पण लेकीकडे राहायला या म्हटलं की त्यांचं एकच पालुपद. "ह्यांच्या झाडाचा आंबा एकदा खाऊ दे. मग म्हणाल तिथे येते." सासऱ्यांचं जुनं झाड रस्ता रुंद करताना गेलं होतं. त्याआधी, शेवटच्या आजारपणात, त्याची एक काडी घेऊन त्यांनी परसातलं हे कलम बांधलं. त्या झाडाचं तेवढंच उरलं होतं.

सरांनी फोड चोखली. आंबट होती, आणि धाग्यांनी भरलेली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. गेली सहा वर्षं ते याच फोडीला भीत होते.

सहा वर्षांपूर्वी ते या कलमापाशी उकिडवे बसून फोनवर एका विद्यार्थ्याला छाटणी समजावून सांगत होते. आधी कलमाची गाठ शोधायची, म्हणजे काडी रोपाला जोडली ती जागा. गाठीच्या वरचं ते आपलं. गाठीखालून फुटतं ते रानटी, ते काढून टाकायचं. ते जोमानं वाढतं, त्याला भुलायचं नाही. असं बोलता बोलता त्यांच्याच हातातल्या कात्रीनं जोमदार फुटवा ठेवला आणि शेजारची मरतुकडी काडी उडवली. खाली पडलेल्या तुकड्यावर गाठ होती. "कळलं, सर," विद्यार्थी फोनवर म्हणाला. सरांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला आणि घरी जाताना नाल्यात टाकला.

तेव्हाच सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. पण सासरी सर म्हणवून घेणाऱ्या माणसाला ते एक वाक्य जड गेलं आणि तो मूग गिळून बसला. मग ते वाक्य दर वर्षी आणखी जड होत गेलं. कलम असून चौथ्या वर्षी मोहर नाही, तेव्हा सर म्हणाले, थंडी पडली नाही. पाचव्या वर्षी म्हणाले, पाणी जास्त झालं. सासूबाईंनी बिचाऱ्यांनी पाणी कमी केलं.

मेहुण्यानं फोड तोंडात टाकली आणि एक डोळा मिटला. "अहो सर, हा आंबा दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेला दिसतोय!"

"गप रे," सरांची बायको म्हणाली. तिनं आपली फोड हळूच ताटलीत परत ठेवली होती.

सासूबाईंनी मात्र आपली फोड संपवली. मग कोयही चोखली, पार पांढरी होईपर्यंत.

"ह्यांचा असा नव्हता," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "असं का झालं असेल हो, सर?"

सांगायचं तर हीच वेळ होती. खरं ऐकून सासूबाई रडल्या असत्या, आणि मग तोंड धुऊन गाडीत बसल्या असत्या. हे सरांना स्पष्ट कळत होतं. पण समोर बायको होती, मेहुणा होता, त्याची मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. सरांची जीभ सवयीच्या वाटेनं गेली.

"पहिल्या बहराचं असंच असतं, आई. झाड अजून लहान आहे. गोडी मागाहून भरते."

"म्हणजे पुढच्या वर्षी ह्यांच्यासारखा येईल?"

"येईल."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली.

"मग ती बॅग काढा गाडीतून," सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "एक वर्ष काय, बघता बघता जाईल."

"आई, काहीतरीच काय!" बायको ओरडली. "परवाच पडलीस ना? मी तुझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय."

"असू दे. झाड आंबट असताना सोडून गेले तर ह्यांना काय वाटेल? आणि सर सांगताहेत ना, येईल म्हणून. ते काय उगाच सांगतील?"

"अहो, तुम्ही तरी समजवा हिला." बायको आता सरांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमचंच काय ते ऐकते ती."

सर उठले. दातांत धागा अडकला होता, तो जिभेनं निघेना.

"आई," ते म्हणाले.

"काय हो?"

सासूबाईंनी वर पाहिलं. आताही सर काहीतरी झाडाच्या भल्याचंच सांगणार, अशा विश्वासानं त्या थांबल्या.

"बॅग जड आहे," सर म्हणाले. "मी आणतो."