टाकीला लावलेला कान

"चावी फिरव!" ग्याबा फिटर ट्रकखालून ओरडला.

ड्रायव्हर इस्साकानं चावी फिरवली. ग्याबानं कान पेट्रोलच्या टाकीला चिकटवला होता. टाकीतला पंप सुरू झाला की आतून गुणगुण येते, नवशिक्यालाही ओळखू येते. पण काहीच नाही. वायरीला लावलेला तपासणीचा बारका दिवा मात्र लख्ख पेटला. म्हणजे करंट येतोय आणि पंप गप्प. सकाळी इंजिनाला पेट्रोल पोचत नव्हतं आणि जुना पंप असाच गप्प होता, म्हणून तर टाकी उतरवून त्यानं नवा बसवला. आता नवाही मेलेला!

तो सरपटत बाहेर आला. तेचिमान गावच्या ट्रकथांब्यावर ऊन रणरणत होतं. मागच्या पेट्यांतून टोमॅटोचं पाणी ठिबकायला लागलं होतं आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या.

"मिस्त्री, माल नासतोय माझा," इस्साका रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग मी काय करू? त्या बाईनं मेलेला पंप गळ्यात मारलाय." आणि ग्याबा समोरच्या सुट्या भागांच्या दुकानाकडे वळून गरजला, "अफ्राकोमा! इकडे ये! माणसं लुबाडायला बसलीस काय?"

अफ्राकोमा नेसूच्या कापडाचं टोक कमरेला खोचत तरातरा आली. "माझ्या दुकानातून मेलेला माल जात नाही, मिस्त्री. थेट बॅटरीवरून करंट द्या. बघूच."

ग्याबानं थेट वायर जोडली. ती टाकीशेजारी उकिडवी बसली. क्षणभरच. मग जिंकल्यासारखी हसली.

"झालं समाधान?"

"कसलं समाधान? आहे का आवाज?" ग्याबा खेकसला.

तिचं हसू मावळलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली आणि आजूबाजूच्या हमालांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "नाही. आवाज नाही. माझंच चुकलं. दुसरा देते, फुकट."

"चोरटी!" इस्साका उसळला. "माझ्या मालाची माती केलीस! सगळ्या ड्रायव्हरांना सांगतो, हिच्याकडून खिळासुद्धा घेऊ नका!"

ती मान खाली घालून उभी राहिली.

टाकीचा पट्टा सोडवायला ग्याबानं पत्र्यावर हात टेकला आणि तो तसाच राहिला. पत्रा थरथरत होता. त्यानं वायर काढली. थरथर थांबली. जोडली. पुन्हा सुरू. पंप चालू होता. म्हणजे सकाळचा जुनाही चालूच असणार. पेट्रोल पुढे जात नव्हतं ते फिल्टर तुंबल्यामुळं, आणि हा सकाळपासून टाक्या उतरवत बसला होता.

त्यानं अफ्राकोमाकडे बघितलं. तिनं बारीकशी मान हलवली. बोलू नका.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. तरी मनात आलंच, येऊ दे दुसरा पंप. बसवता बसवता गुपचूप फिल्टर साफ करू, गाडी सुरू होईल, कुणाला कळतंय? त्यानं पान्हा उचललासुद्धा. इस्साका अजून तिला बोलतच होता. शब्द कळत नव्हते, पण ओठ पुन्हा 'चोरटी' म्हणाले, तेवढं ग्याबाला दिसलं.

त्यानं पान्हा खाली ठेवला आणि इस्साकाचं मनगट धरलं.

"तिला बोलू नकोस. पंप चांगला आहे. फिल्टर तुंबलाय. मला... मला ऐकू येत नाही रे."

हे त्याला अगदी हळू, इस्साकापुरतं सांगायचं होतं. पण रस्त्यापलीकडे टोमॅटो निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले, आणि एकेक करत त्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.