बोला, मी ऐकतेय

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि सगळं फडताळ खडखडलं.

त्याआधी घर चिडीचूप होतं. लेक नुकतीच शाळेतून आली होती आणि दप्तरासकट दारातच बसली होती. आई समोर उकिडवी बसून तिच्या बुटांच्या गाठी सोडवत होती. एक बूट निघाला होता.

"आई, आज शाळेत ना..." एवढं म्हणून लेक अडली होती. पुढचं काही केल्या बाहेर येईना. आई वाट पाहत होती. तेवढ्यात झाकण वाजलं.

"संस्थेचा?" लेकीनं विचारलं.

"हो गं. आज खरं तर मास्तरीणबाईंची पाळी, पण त्या तापानं फणफणल्यात. आलेच हं, पिल्ला."

संस्था म्हणजे तीन बायका आणि हा एक फोन. ज्यांच्याशी बोलायला कुणी नाही, त्यांनी करायचा. फोन ज्या घरी, त्या दिवशी संस्था त्या घरी. "बरंय, फिरती संस्था," नवरा म्हणायचा. उपदेश करायचा नाही, स्वतःविषयी बोलायचं नाही, आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही, हे मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"बोला, मी ऐकतेय," ती म्हणाली. संथ, मऊ आवाजात. लेकीला तो आवाज पाठ होता.

घड्याळजी आजोबा होते. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण बायको गेली त्या दिवशी घरातली सगळी बंद करून ठेवली. फोन करायचे आणि निम्मा वेळ नुसते श्वास घेत राहायचे.

आज मात्र आवाज वेगळा होता. "बाई, दूध उतू जाऊ दिलं नाही. पातेल्यासमोर पहारा दिला."

"अगंबाई! मग जिंकलं कोण?"

"मीच की! दूध बिचारं हिरमुसून खाली बसलं." ते चक्क हसले. "आणि आणखी एक गंमत. हे ऐका."

पलीकडे खुर्ची सरकली. मग टिकटिक ऐकू आली.

ती भिंतीला टेकली. तिला एकदम भरून आलं.

"हिच्या माहेरचं घड्याळ. सकाळी किल्ली दिली," आजोबा म्हणाले. "आता ठोके पडतीलच. तेवढे ऐका. ठेवू नका हं."

"नाही ठेवत."

दारात लेक तशीच बसलेली दिसत होती. आईनं हातानं खूण केली, आलेच. टिकटिक चालूच राहिली. लेकीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

ठोके पडले. आजोबांनी प्रत्येक ठोक्याला "हां, हां" म्हटलं, मग नाक ओढलं आणि स्वतःच फोन ठेवला.

ती बाहेर आली ती जवळजवळ पळतच. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं, पण फोनवरचं बाहेर सांगायची सोय नव्हती. ती लेकीसमोर बसली.

"हं, सांग आता. काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"असं काय गं? शाळेत काय झालं?"

"काही नाही म्हटलं ना."

आईनं तिचा चेहरा वळवला. गालावर काहीतरी ओघळून सुकलं होतं.

"पिल्ला..."

लेकीनं निघालेला बूट उचलला, कानाला लावला आणि भिंतीकडे बघतच म्हणाली, "ट्रिंग ट्रिंग."

आईनं तिच्या पायातला दुसरा बूट काढला आणि आपल्या कानाला लावला.

"बोला, मी ऐकतेय."

"तुम्ही सगळ्यांचं ऐकता?"

"हो. सगळ्यांचं."

"तुम्हाला मुलगी आहे?"

स्वतःविषयी बोलायचं नव्हतं. तरी ती म्हणाली, "आहे ना. एक आहे."

लेकीनं बूट कानाशी आणखी घट्ट धरला.

"मग तिला आज शाळेत काय झालं?"